सोळाशे मीटर धावल्यानंतर पुढे काय?

वणी (जि. नाशिक) : राज्याच्या पोलिस शिपाई भरतीत पुरुष उमेदवाराला १६०० मीटर धावावे लागते. हे अंतर ५ मिनिटे १० सेकंदांत किंवा त्याहून कमी वेळात पार केले, की २० पैकी २० गुण मिळतात. त्याहून कितीही वेगाने धावले तरी एकविसावा गुण नाही. अमेरिकेतील शाळकरी धावपटूंची एक प्रमुख शर्यतही १६०० मीटरचीच असते. तेथे हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांसारख्या विद्यापीठांच्या प्रशिक्षकांचे लक्ष वेधून घ्यायचे, तर मुलाला हेच अंतर साधारणतः ४ मिनिटे १० ते १५ सेकंदांत कापावे लागते. अंतर तेच आहे, फरक सुमारे एका मिनिटाचा आहे. एका वेळेला पोलिस दलाचे दार उघडते, दुसऱ्या वेळेला जगातील नामवंत विद्यापीठांचे.

सप्तशृंगगडाच्या पायथ्याच्या वणी परिसरात, किंबहुना साऱ्या दिंडोरी, पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर पट्ट्यात धावणाऱ्या मुलामुलींची उणीव नाही. चढउताराचे रस्ते, लहानपणापासूनची पायपीट आणि भरतीची आस यांमुळे पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारे तरुण हे येथील नेहमीचेच दृश्य आहे. त्यातील बहुतेकांना पहिले दार ठाऊक असते. दुसरे दार अस्तित्वात आहे, ते परदेशातच नव्हे तर दिल्ली आणि चेन्नईतही आहे, याची वार्ता मात्र येथवर क्वचितच पोहोचते. धावण्याच्या बळावर उत्तम शिक्षण मिळू शकते काय, आणि मिळत असेल तर ते नाशिकच्या ग्रामीण मुलांना का मिळत नाही, हा प्रश्न म्हणूनच तपासून पाहण्याजोगा आहे.

पदकांची परंपरा

लांब पल्ल्याच्या धावण्यात नाशिक जिल्ह्याचे नाव देशाला नवे नाही. हरसूल परिसरातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळविले. त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत याच शर्यतीत त्यांनी रौप्यपदक पटकावले. २०१२ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्या मॅरेथॉन धावल्या. वणी ज्या दिंडोरी तालुक्यात येते, त्याच तालुक्यातील मोनिका आथरे २०१७ मध्ये दिल्ली मॅरेथॉन जिंकून लंडनच्या जागतिक स्पर्धेसाठी भारतीय संघात गेल्या. चांदवड तालुक्यातील संजीवनी जाधव यांनी २०१७ मध्ये तैपेई येथील जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धेत १० हजार मीटरचे रौप्यपदक मिळविले. यामागे नाशिकमधील भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांनी वर्षानुवर्षे घेतलेली मेहनत आहे.

या यशाने धावपटूंना काय दिले, हे पाहिले की आपल्याकडील व्यवस्थेचे स्वरूप उमगते. कविता राऊत यांना ओएनजीसीमध्ये नोकरी मिळाली. साताऱ्याच्या माण तालुक्यातील ललिता बाबर प्रथम रेल्वेत होत्या. रिओत ३ हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावे स्थान मिळविल्यानंतर राज्य शासनाने त्यांना महसूल सेवेत घेतले. बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे आधी लष्करात भरती झाले आणि धावपटू म्हणून घडले ते तेथेच. रेल्वे, पोलिस, लष्कर आणि सार्वजनिक उपक्रम हेच भारतीय मैदानी खेळांचे आश्रयदाते राहिले आहेत. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण ठेवणारे महाराष्ट्राचे धोरणही याच विचाराचे आहे.

या व्यवस्थेला नावे ठेवण्याचे कारण नाही. कोरडवाहू शेती किंवा द्राक्षबागेतील मजुरीवर चालणाऱ्या घरात महिन्याचा पगार येणे ही मोठी गोष्ट आहे. तथापि या व्यवस्थेत खेळाचा मोबदला म्हणजे नोकरी, आणि शिक्षण हे नोकरीच्या अर्जापुरते, असे समीकरण रूढ झाले आहे. बारावीनंतर जवळच्या महाविद्यालयात नाव घालायचे, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा धावायच्या आणि भरतीची वाट पाहायची, हा ठरलेला मार्ग आहे. धावपटूची ऐन उमेदीची वर्षे मर्यादित असतात. पायाच्या एका दुखापतीने ती अर्ध्यावरच संपू शकतात. राष्ट्रीय पदकापर्यंत पोहोचणारे थोडे, त्यातून नोकरी मिळणारे त्याहून थोडे. उरलेल्यांच्या हाती वयाच्या पंचविशीत ना पदक, ना बाजारात किंमत असलेली पदवी, अशी स्थिती राहते. २०२२ पासून लष्करातील जवानांची भरती अग्निपथ योजनेद्वारे चार वर्षांसाठी होऊ लागली आणि त्यातील २५ टक्क्यांपर्यंतच अग्निवीरांना पुढे कायम करण्याची तरतूद झाली. त्यामुळे एके काळचा सर्वात भरवशाचा मार्गही पूर्वीइतका निर्धास्त राहिलेला नाही.

दिल्ली आणि चेन्नईची दारे

देशातील नामवंत संस्थांत खेळाडूंना प्रवेशच नाही, असे मात्र नव्हे. दिल्ली विद्यापीठाच्या महाविद्यालयांत क्रीडा आणि कलागुण यांसाठी मिळून प्रवेशक्षमतेच्या ५ टक्क्यांपर्यंत अधिसंख्य जागा असतात. अधिसंख्य म्हणजे मूळ जागांना हात न लावता वाढवलेल्या जागा. २०२२ मध्ये सामायिक प्रवेश परीक्षा, अर्थात सीयूईटी, लागू झाल्यापासून क्रीडा प्रवेशात या परीक्षेच्या गुणांना २५ टक्के, तर प्रमाणपत्रे व मैदानावरील चाचणी यांना मिळून ७५ टक्के महत्त्व देण्यात आले. म्हणजे अभ्यासात मध्यम पण धावण्यात पक्क्या असलेल्या मुलीला राजधानीतील चांगल्या महाविद्यालयात अर्थशास्त्र किंवा इतिहास शिकण्याची संधी कागदावर तरी आहे.

दुसरे दार अधिक अरुंद आहे. आयआयटी मद्रासने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून क्रीडा नैपुण्य प्रवेश योजना सुरू केली. अशी योजना आणणारी ती पहिली आयआयटी ठरली. प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात दोन अधिसंख्य जागा आणि त्यांपैकी एक मुलींसाठी, अशी तिची रचना आहे. मैदानी खेळांचा तिच्यात समावेश आहे. उमेदवाराने जेईई अॅडव्हान्स्डच्या सर्वसाधारण किंवा प्रवर्गनिहाय गुणवत्ता यादीत स्थान मिळवलेले असावे आणि मागील चार वर्षांत राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत किमान एक पदक जिंकलेले असावे, अशी अट आहे. प्रवेश मात्र स्वतंत्र क्रीडा गुणवत्ता यादीनुसार होतो. दिंडोरी हा अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ आहे. येथील आदिवासी विद्यार्थ्याला प्रवर्गनिहाय यादीचा आधार मिळू शकतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

परंतु या दोन्ही दारांपर्यंत जाणारी वाट पंधरा ते अठरा या वयातून जाते. याच तीन वर्षांत धावपटूचा पाया घातला जातो आणि याच तीन वर्षांत जेईईची तयारी होते. पहाटे दोन तास आणि संध्याकाळी दोन तास मैदानावर घालवणाऱ्या मुलाला विश्रांती आणि झोपही तितकीच लागते. खासगी शिकवणीच्या वेळापत्रकात त्याला जागा नसते आणि क्रीडा वसतिगृहाच्या वेळापत्रकात भौतिकशास्त्राला जागा नसते. आपल्याकडे दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या छपरांखाली चालतात. मुलाने दहावीनंतर कोणते छप्पर निवडायचे, हे घरची परिस्थिती ठरवते.

राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना २५ पर्यंत सवलतीचे गुण मिळतात. या गुणांनी गुणपत्रिका उजळते. जेईई किंवा सीयूईटीच्या गुणांत मात्र त्यांची भर पडत नाही. नामवंत संस्थांचे प्रवेश परीक्षांच्या हाती गेल्यापासून या सवलतीचे मोल साहजिकच घटले आहे.

प्रमाणपत्र मोठे की घड्याळ?

आणखी एक अडचण आहे आणि ती मुळातली आहे. आपल्याकडे खेळाडूची पारख प्रमाणपत्रावरून होते. जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय अशी उतरंड असते आणि जितके वरचे प्रमाणपत्र तितके गुण अधिक. सांघिक खेळांत याला पर्याय नाही. धावणे मात्र असा खेळ आहे, की ज्यात कोणा निवडकर्त्याच्या मताची गरजच नाही. ४०० मीटरची मोजलेली धावपट्टी आणि अचूक घड्याळ असले, की वणीचा धावपटू आणि बोस्टनचा धावपटू एकाच कागदावर शेजारी मांडता येतात.

प्रमाणपत्रावर सारे अवलंबून ठेवल्याचे दुष्परिणाम महाराष्ट्राने अनुभवले आहेत. ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांची बनावट प्रमाणपत्रे देऊन ५ टक्के आरक्षणातून शासकीय नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणे २०२१ च्या सुमारास उघडकीस आली आणि क्रीडा विभागाची मोठी नाचक्की झाली. बनावट प्रमाणपत्र छापता येते. साक्षीदारांसमोर, यंत्राने नोंदलेली १५०० मीटरची वेळ छापून आणता येत नाही.

शिवाय लांब पल्ल्याचा धावपटू उशिरा पिकतो. सतराव्या वर्षी राष्ट्रीय पदक मिळाले नाही म्हणून तो पुढे चमकणार नाही, असे कोणीही प्रशिक्षक म्हणणार नाही. पदकाची अट त्या दिवशी कोण जिंकले एवढेच पाहते. गेल्या वर्षी साडेचार मिनिटे लागत होती, यंदा चार मिनिटे वीस सेकंद लागली, ही प्रगती त्या अटीत दिसत नाही. अमेरिकी प्रशिक्षक मात्र प्रामुख्याने हीच प्रगती पाहतात.

अमेरिकेचे गणित

अमेरिकेतील हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनसह आठ विद्यापीठांचा समूह ‘आयव्ही लीग’ म्हणून ओळखला जातो. १९५४ च्या करारापासून ही विद्यापीठे खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. विद्यार्थ्याच्या घरची ऐपत पाहून आर्थिक साहाय्य मात्र देतात. मार्च २०२५ मध्ये हार्वर्डने वर्षाला एक लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील विद्यार्थ्यांचा संपूर्ण खर्च उचलण्याचे जाहीर केले. त्या मर्यादेत वणी परिसरातील जवळजवळ प्रत्येक शेतकरी कुटुंब बसेल. प्रशिक्षकाला धावपटू हवा असेल, तर तो प्रवेश कार्यालयाकडे त्याच्यासाठी शब्द टाकतो. मात्र शैक्षणिक गुणवत्तेची किमान पातळी त्या धावपटूलाही गाठावीच लागते.

या शब्दाला किती वजन असते, ते हार्वर्डविरुद्धच्या खटल्यात उघड झाले. वंशाधारित प्रवेशाविषयीच्या या खटल्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये दिला. खटल्यात मांडलेल्या आकडेवारीनुसार प्रशिक्षकांनी हेरलेल्या खेळाडूंपैकी सुमारे ८६ टक्क्यांना प्रवेश मिळत होता. इतर अर्जदारांसाठी हे प्रमाण शंभरात जेमतेम सहा इतके होते. एवढा मोठा लाभ ज्या दारातून मिळतो, तेथे पैसेवाल्यांची गर्दी होणारच. मार्च २०१९ मध्ये उघड झालेल्या प्रवेश घोटाळ्यात श्रीमंत पालकांनी प्रशिक्षकांना लाच देऊन, कधीही न खेळलेल्या मुलांना खेळाडू म्हणून घुसवल्याचे आढळले. नौकानयन, तलवारबाजी, स्क्वॉश हे महागडे खेळ या दारातून येणाऱ्यांत ठळकपणे दिसतात. धावणे हा त्यातल्या त्यात गरिबाचा खेळ. पण तेथेही अर्ज इंग्रजीत लिहावा लागतो, एसएटी परीक्षा द्यावी लागते आणि अकरावीपासूनच प्रशिक्षकांशी पत्रव्यवहार करावा लागतो. ज्याच्या घरी हे सांगणारे कोणी नाही, त्याच्यासाठी चार मिनिटे बारा सेकंद ही वेळ केवळ वहीतली नोंद उरते.

भारतीय खेळाडू अमेरिकी विद्यापीठांत गेलेच नाहीत, असे नाही. दिल्लीचा उंच उडीपटू तेजस्विन शंकर २०१७ मध्ये शिष्यवृत्तीवर कॅन्सस स्टेट विद्यापीठात गेला आणि २०१८ व २०२२ मध्ये अमेरिकेचा राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेता ठरला. हरियाणातील नूहसारख्या मागास जिल्ह्यातील परवेज खान हा मध्यम पल्ल्याचा धावपटू फ्लोरिडा विद्यापीठात शिकायला गेला. २०२४ मध्ये त्याने महाविद्यालयीन राष्ट्रीय स्पर्धेत एक मैल शर्यतीची अंतिम फेरी गाठली. ही दोन्ही विद्यापीठे आयव्ही समूहातील नाहीत, येथे क्रीडा शिष्यवृत्ती मिळते आणि स्पर्धा अधिक तीव्र असते. तरीही ग्रामीण भारतातील धावपटू तेथवर जाऊ शकतो, एवढे परवेजने सिद्ध केले आहे.

अर्थात या वाटेवर सारी मदार ठेवणे शहाणपणाचे नाही. मे २०२५ मध्ये अमेरिकी प्रशासनाने हार्वर्डचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा अधिकारच काढून घेण्याचा प्रयत्न केला आणि न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. त्याच सुमारास विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही काळ थांबवण्यात आल्या. दूरच्या देशातील एका आदेशाने दार बंद होऊ शकते, हे पालकांनी ध्यानात ठेवले पाहिजे.

केनियाने केलेला प्रयोग

लांब पल्ल्याच्या धावण्याचे माहेरघर असलेल्या केनियात या प्रश्नावर एक उत्तर शोधले गेले. अमेरिकी पत्रकार जॉन मॅनर्स आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरचे कांस्यपदक जिंकलेले माइक बॉइट यांनी २००४ मध्ये ‘केनसॅप’ हा उपक्रम सुरू केला. रिफ्ट व्हॅली भागातील शालान्त परीक्षेत उत्तम गुण मिळवलेल्या गरीब मुलांना निवडायचे, त्यांना एसएटी आणि अर्जप्रक्रियेसाठी तयार करायचे आणि सोबत १५०० मीटर धावायला लावून वेळ नोंदवायची, अशी ही कल्पना होती. ज्यांची वेळ चांगली येईल, त्यांची शिफारस अमेरिकी महाविद्यालयांच्या प्रशिक्षकांकडे केली जाई.

या प्रयोगातून पुढे आलेली गोष्ट नाशिकसाठी महत्त्वाची आहे. केनसॅपची मुले हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनमध्ये गेली. परंतु त्यांतील बहुतेकांना प्रवेश मिळाला तो अभ्यासाच्या जोरावर, धावण्याचा हातभार थोड्यांनाच लागला. या मुलांची हुशारी आधीपासूनच होती. कमतरता होती ती अर्ज कसा करायचा, कोणाला लिहायचे, पैसे कोण देणार, हे सांगणाऱ्या माणसाची. ती भरून निघताच मार्ग मोकळा झाला. केनियाने हुशार मुले घेऊन त्यांचे पाय तपासले. नाशिकमध्ये पाय तपासलेली मुले आहेत, त्यांच्या अभ्यासाची तपासणी मात्र कोणी करत नाही. भरतीच्या मैदानावर धावणारा एखादा मुलगा गणितात जिल्ह्यात पहिल्या दहांत असू शकतो, ही शक्यता आपल्या व्यवस्थेने गृहीतच धरलेली नाही.

काय करता येईल?

यासाठी फार मोठ्या निधीची आवश्यकता आहे, असेही नाही. तालुका पातळीवर वर्षातून दोनदा मोजलेल्या धावपट्टीवर १५०० आणि ३००० मीटरच्या चाचण्या घेऊन त्यांच्या वेळा शासनाने प्रमाणित कराव्यात, हे पहिले पाऊल ठरेल. पदकाऐवजी किंवा पदकासोबत प्रमाणित वेळ ग्राह्य धरण्याची मागणी राज्याने दिल्ली विद्यापीठ आणि आयआयटींकडे करता येईल. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा व एकलव्य निवासी शाळा जिल्ह्यात आहेत. त्यांतील एखाद्या शाळेत विज्ञान शाखा आणि लांब पल्ल्याचे प्रशिक्षण एकाच वेळापत्रकात बसवून पाहता येईल. खेलो इंडिया योजनेत निवडलेल्या खेळाडूला महिन्याला १० हजार रुपये भत्ता मिळतो. त्याला अभ्यासाच्या मार्गदर्शनाची जोड मिळाली, तर त्याच पैशाचे मोल वाढेल. दरवर्षी नाशिकमध्ये मॅरेथॉन भरवणाऱ्या मराठा विद्या प्रसारक समाजासारख्या संस्थेचे जाळे गावोगाव आहे. तिच्या महाविद्यालयांत क्रीडा प्रवेशाची माहिती असलेला एक शिक्षक नेमला, तरी पुष्कळ काम होईल.

येथे एका धोक्याचीही जाणीव ठेवायला हवी. शिक्षणाचे दार खेळातून उघडते असे दिसले, की खेळ हा शिकवणीचा आणखी एक विषय होतो आणि मग त्यातही शहरी, सधन मुले पुढे जातात. अमेरिकेत तेच घडले. म्हणून माहितीचा पहिला फायदा आश्रमशाळेतील मुलांना मिळेल, अशी रचना सुरुवातीपासूनच करावी लागेल.

पोलिस भरतीचे मैदान पुढेही भरणार आहे आणि ते भरावे. तेथे ५ मिनिटे १० सेकंदांची रेषा ओलांडणाऱ्या शेकडो मुलांना खाकी वर्दी मिळो, अशीच कोणाचीही इच्छा असेल. परंतु त्या गर्दीत एखादा मुलगा साडेचार मिनिटांत अंतर संपवून, धापही न लागता उभा असतो. पुरे गुण मिळाले म्हणून त्याच्या नावापुढे खूण होते आणि पुढच्या तुकडीला हाक जाते. त्याने वाचवलेल्या त्या चाळीस सेकंदांचे काय करायचे, हे त्याला सांगणारा माणूस मैदानाच्या कडेला असावा, एवढीच अपेक्षा आहे. आज तो माणूस तेथे नाही.